कोलोआचा पट्टा आणि साखरेचे राज्य

हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य टोकाकडे काउआई नावाचे जे बेट आहे, त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळील कोलोआ या लहानशा गावात निलगिरीच्या उंच वृक्षांनी दोहों बाजूंनी कमान धरलेल्या रस्त्याने प्रवेश केला, की जुन्या लाकडी दुकानांच्या रांगेसमोर एका हिरवळीवर दगडी धुराड्याचा भग्न बुंधा उभा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या कारखान्याच्या भट्ट्या येथे धगधगत होत्या त्याचा हा अवशेष. त्याच्या शेजारीच १९८५ साली, या भूमीत उसाच्या व्यापारी लागवडीस प्रारंभ झाल्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, उभारलेले स्मारक आहे. दुभंगलेल्या जात्याची आठवण करून देणारी एक वर्तुळाकार वास्तू, तिच्या पोटात ब्राँझच्या मानवाकृती आणि सभोवार उसाच्या निरनिराळ्या जातींचे ठोंब असे त्याचे स्वरूप आहे.

या मानवाकृतींत लंगोटी नेसलेला हवाईचा मूळ रहिवासी आहे, त्याच्या पायाशी त्याचा कुत्रा आहे. चिनी, जपानी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो आणि पोर्तो रिको बेटावरून आलेला, असे मजूरही आहेत. शेजारच्या फलकावर मात्र या मंडळींबरोबर आणखी एका व्यक्तीचा उल्लेख आढळतो, आणि ती म्हणजे घोड्यावर बसलेला गोरा मळेवाला. फलकावर तो आहे, शिल्पात नाही. त्याच्या अनुपस्थितीची कारणे प्रवासी पुस्तकांतून निरनिराळी दिलेली असतात. उंच घोड्यावरून खाली पाहणारी ती उन्मत्त मूर्ती बेटावरील लोकांना रुचेना म्हणून ती अखेरीस वगळली, ही त्यांतल्या त्यात प्रचलित हकीकत. ती खरी असो वा नसो, मला या वगळण्यात ऐतिहासिक औचित्य दिसते. ज्याने उन्हात कोयता चालविला त्याला ब्राँझमध्ये स्थान मिळावे आणि ज्याने पट्टे, करारनामे, कायदे व तह लिहिले त्याला लेखी मजकुरात, ही वाटणी वस्तुस्थितीला धरूनच झाली आहे. कारण हवाईत ऊस लाल मातीत वाढला खरा, परंतु साखरेचे राज्य कागदावर उभे राहिले.

ऊस या बेटांना नवा नव्हता. दक्षिणेकडून तारवांत बसून आलेल्या पॉलिनेशियन लोकांनी इतर पिकांबरोबर उसाचे बेणेही आणले होते, आणि इ. स. १७७८ मध्ये कॅप्टन कुक कोलोआच्या पश्चिमेला वाइमेआ येथे उतरला तेव्हा अळूच्या पाणथळ खाचरांच्या आसपास त्याला उत्तम ऊस दिसला. लोक तो चघळीत, औषधात वापरीत, वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर लावीत. त्यापासून साखर करून परदेशी विकावी हा विचार त्यांच्या संसारात नव्हता. जमीन राजाची, राजाकडून ती सरदारांकडे आणि सरदारांकडून रयतेकडे वहिवाटीस येई. डोंगरमाथ्यापासून समुद्राच्या लाटेपर्यंत एकेक पट्टी एकेका समूहाच्या निर्वाहासाठी असे, आणि त्या बदल्यात रयतेने सरदाराची वेठ करावी असा शिरस्ता होता.

या शिरस्त्याला पहिला तडा साखरेने दिला नाही, चंदनाने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या बाजारात हवाईच्या चंदनाला मोठी मागणी होती. अमेरिकन जहाजवाले रेशीम, दारू, आरसे, एवढेच काय, सबंध जहाजेसुद्धा सरदारांना उधारीवर देत आणि सरदार त्या उधारीच्या फेडीसाठी रयतेला डोंगरात पिटाळून चंदन तोडवीत. शेते ओस पडली, उपासमार झाली, आणि १८३० च्या सुमारास चंदन संपले तरी कर्ज शिल्लकच राहिले. त्याच काळात परक्यांबरोबर आलेल्या देवी, गोवर, इन्फ्लुएंझा यांसारख्या साथींनी लोकसंख्येची जी वाताहत चालविली होती ती शतकभर थांबली नाही. कर्जबाजारी सरदार, रोडावलेली रयत, आणि चंदनाच्या जागी दुसरा कोणता तरी विक्रीयोग्य माल शोधणारे व्यापारी, अशी ही त्या वेळची स्थिती होती.

ब्रिन्समेड, लॅड आणि हूपर हे न्यू इंग्लंडमधील तीन तरुण १८३३ मध्ये होनोलुलूस आले आणि त्यांनी लॅड आणि कंपनी या नावाने पेढी घातली. मिशनरी मंडळींशी त्यांचा घरोबा होता व त्यांच्याच रदबदलीने राजा तिसरा कामेहामेहा याने १८३५ च्या जुलैत कोलोआ येथील ९८० एकर जमीन ५० वर्षांच्या मुदतीने, वर्षाला ३०० डॉलर खंडावर, या पेढीस लिहून दिली. एवढी मोठी जमीन इतक्या दीर्घ मुदतीने परक्याच्या हाती देण्याचा हा प्रकार त्या राज्यात अपूर्व होता. पट्ट्यातील खरी मख्खी मात्र जमिनीच्या कलमांत नसून मजुरांच्या कलमात होती: कंपनीने स्थानिक लोकांना मजुरीने लावावे, त्यांच्याबद्दल राजास व बेटाच्या सुभेदारास ठराविक रक्कम द्यावी, आणि मग त्या लोकांना सरदारांच्या वेठीतून सूट असावी. मनुष्याची मेहनत विकत घेता येते, हे तत्त्व हवाईच्या व्यवहारात असे एका खंडपत्राच्या कलमातून दाखल झाले.

मळा वसविण्याचे काम विल्यम हूपर याच्या अंगावर पडले. वय सव्वीस, शेतीचा अनुभव शून्य, साखर पाकात कशी उतरते हे त्याने कधी पाहिलेलेही नसावे. १८३५ च्या सप्टेंबरात पंचवीस हवाईवासी मजुरांना घेऊन त्याने काम सुरू केले. बैल नसल्यामुळे आरंभी नांगर माणसांनीच ओढले. तो स्वतः गवताने शाकारलेल्या झोपडीत राहत असे. वर्षभरात त्याने मजुरांची वीस घरे, सुताराचा व लोहाराचा कारखाना, ओढ्यावरील बंधारा, उकळीघर आणि चरक एवढा पसारा उभा केला, उसाबरोबर कॉफी, केळी व अळूही लावले, आणि रोजनिशीत असे लिहून ठेवले की सरदारांच्या दास्यातून या लोकांना मुक्त करणाऱ्या कार्याचा पाया आपण घातला आहे. तो ढोंगी नव्हता. आपण मुक्तिदाते आहोत यावर त्याचा विश्वास होता. परंतु त्याच रोजनिशीत हे मुक्त झालेले लोक आपली पाठ वळताच बसून चिलीम ओढतात अशी तक्रारही आहे. सकाळी घंटा झाली की फडात जावे आणि सूर्यास्तापर्यंत दुसऱ्याच्या लाभासाठी राबावे, यात स्वातंत्र्य कोणते, हे त्या बिचाऱ्यांना उमगत नव्हते. आणि सरदार तर उघड विरोधात होते. हूपरला अन्नधान्य विकू नये अशी ताकीद त्यांनी आपल्या लोकांना दिली होती.

मजुरी होती दिवसाला साडेबारा सेंट, तीही नाण्यात नाही. कंपनीने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या. त्या केवळ मळ्याच्या दुकानातच चालत, म्हणजे दिलेली मजुरी कापडाच्या आणि जिन्नसांच्या नफ्यातून मालकाकडे परत येई. आमच्याकडील ऊसतोडणी कामगाराची उचल आणि मुकादमाची वही ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना या युक्तीचा अन्वयार्थ सांगावा लागणार नाही. येथे एक प्रसंग नमूद केल्यावाचून राहवत नाही. कोलोआच्या मजुरांनी अल्पावधीतच या चिठ्ठ्यांची इतकी हुबेहूब नक्कल केली, की खरी कोणती व खोटी कोणती हे ओळखणे दुर्घट झाले, आणि कंपनीला बोस्टनहून नक्षीदार ठशाच्या चिठ्ठ्या छापवून आणाव्या लागल्या. ज्या कागदाच्या जोरावर आपली मेहनत विकत घेतली जात होती त्या कागदाचे मर्म रयतेने किती लवकर ओळखले होते!

पहिल्या चरकाचे लाट लाकडी होते व ते लवकरच निकामी झाले. मग लोखंडी लाट आले, आणि १८३७ मध्ये सुमारे दोन टन साखर व काही काकवी असा पहिला नाव घेण्याजोगा माल निघाला. ज्याचे धुराडे आज दिसते तो दगडी कारखाना १८४१ पर्यंत उभा राहिला. पेढी स्वतः फार दिवस टिकली नाही. हवाईच्या जमिनींवर वसाहत वसविण्याच्या एका महत्त्वाकांक्षी बेल्जियन योजनेच्या नादी लागून ती १८४४ च्या सुमारास बुडाली. पण तोवर एक गोष्ट सिद्ध झाली होती. या मातीत साखर निघते, आणि ती काढण्यासाठी लागणारी जमीन व माणसे करारनाम्याने मिळविता येतात.

करारनाम्यांना कायद्याचे कवच १८४८ ते १८५० या तीन वर्षांत मिळाले. प्रथम राजा, सरदार व सरकार यांच्यात जमिनींची वाटणी झाली; पाठोपाठ परकीयांना जमीन खरेदी करण्याची मुभा मिळाली; रयतेला आपापली वहिवाट नोंदवून सनद घेण्याचा हक्क मिळाला खरा, परंतु मोजणी, साक्षी आणि अर्ज यांच्या जंजाळात हजारो कुटुंबे नोंदीवाचून राहिली आणि जिच्यावर पिढ्यान्पिढ्या राबली त्या जमिनीला मुकली. १८५० मध्येच धनी व नोकर यांचा कायदा झाला. कराराने बांधलेला मजूर काम सोडून गेला तर जितके दिवस गैरहजर तितक्याच्या दुप्पट दिवस त्याने भरून द्यावे, आणि तरीही नकार दिला तर तुरुंगात सक्तमजुरी भोगावी, असे त्याचे सार. साध्या दिवाणी कराराचा भंग येथे फौजदारी गुन्हा ठरला, आणि पुढील पन्नास वर्षे मळ्यांचा सगळा डोलारा याच एका तरतुदीवर उभा राहिला.

माणसे मात्र अपुरी पडू लागली. १८५३ च्या खानेसुमारीत सबंध राज्याची वस्ती सुमारे ७३ हजार भरली. कुकच्या वेळी ती याच्या कितीतरी पट होती. म्हणून १८५२ मध्ये दोनशेच्या आसपास चिनी मजुरांची पहिली टोळी जहाजाने आणण्यात आली. पाच वर्षांचा करार, महिना तीन डॉलर, वर अन्न, वस्त्र व प्रवासखर्च. पुढे १८६८ मध्ये जपानी आले. त्यांच्या तक्रारींमुळे जपानी सरकारने तो ओघ थांबविला, तो १८८५ मध्ये दोन्ही सरकारांतील करारानंतर पुन्हा सुरू झाला. मदीरा व अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज १८७८ पासून, पोर्तो रिकोचे १९०० पासून, कोरियन १९०३ पासून आणि फिलिपिनो १९०६ पासून, अशा लाटा एकामागून एक आल्या. मॉरिशस, त्रिनिदाद, फिजी येथील उसाच्या मळ्यांत हिंदी गिरमिटिये गेले, त्यांतील मॉरिशसला तर मुंबई बंदरातून कोकणची माणसेही गेली आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. हवाईतही हिंदी मजूर आणण्याची भाषा झाली होती, पण ती तडीस गेली नाही, आणि म्हणून कोलोआच्या शिल्पात आपल्याकडचा चेहरा नाही.

इतक्या देशांची माणसे आणण्यात निकड होती तसे धोरणही होते. एकाच जातीच्या मजुरांचा भरणा झाला तर ते एकजूट करतील, ही धास्ती मळेवाल्यांनी आपल्या पत्रव्यवहारात लपवून ठेवलेली नाही. प्रत्येक राष्ट्राची वसाहत निराळी, मजुरीचा दर निराळा. मजुराला नावाऐवजी क्रमांक, तो कोरलेला बिल्ला गळ्यात किंवा कमरेला, आणि घोड्यावर बसून रांगेवर नजर ठेवणारा मुकादम, ज्याला तेथे लूना म्हणत. उसाच्या पात्याची धार चामडी सोलून काढते, म्हणून ऐन उन्हाळ्यातही जपानी बायका डोक्यापासून पायापर्यंत जाड कापडात गुरफटून पाचट काढीत, आणि ते काढताना त्यांनी स्वतः रचलेली गाणी म्हणत. त्या गाण्यांतील व्यथा पुढे संग्राहकांनी जतन केली. वसाहती निराळ्या ठेवल्या तरी दुपारच्या सुटीत डबे एकत्र उघडत. तुझे लोणचे मला, माझा मासा तुला, हा विनिमय कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता. त्यातूनच सर्वांना समजेल अशी एक धेडगुजरी बोली जन्मास आली आणि तीच आज हवाईची घरगुती भाषा झाली आहे.

या सर्व उद्योगाला सोन्याचे दिवस आणले ते १८७५ च्या तहाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे साखरेचा भाव एकदा चढून पुन्हा उतरला होता आणि मळे डबघाईस आले होते. अशा वेळी हवाईची साखर अमेरिकेत जकातीवाचून यावी असा हा व्यापारी तह झाला आणि पुढल्याच वर्षी अमलात आला. पंधरा वर्षांत साखरेचे उत्पादन दसपटीने वाढले. डोंगरातले पाणी मैलोगणती पाटांनी कोरड्या बाजूकडे वळविण्यात आले, जमिनीत खोल विहिरी पाडण्यात आल्या, आणि अळूच्या खाचरांचे पाणी उसाकडे गेल्याने कित्येक ठिकाणी जुनी शेती वाळून गेली. कोलोआच्या शेजारचा वैता जलाशय हा याच तृष्णेचा विसाव्या शतकातील आविष्कार. ऊस आणि पाणी यांचे भांडण ज्या प्रदेशात रोजचे आहे तेथील वाचकाने हा भाग जरा थांबून वाचावा.

एका गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या धंद्याला त्या गिऱ्हाइकाची मर्जी हेच राजकारण होऊन बसते. १८८७ मध्ये राजा कलाकौआ याच्याकडून सशस्त्र धाकाखाली नवी राज्यघटना मान्य करून घेण्यात आली, म्हणून ती संगिनीची घटना या नावाने ओळखली जाते. राजाचे अधिकार छाटले गेले, मालमत्तेच्या अटीने पुष्कळ हवाईवासीयांचा व वंशाच्या अटीने सर्व आशियाई मजुरांचा मताधिकार गेला. त्याच वर्षी तहाच्या नूतनीकरणाबरोबर पर्ल बंदराचा वापर अमेरिकेला मिळाला. पुढे १८९० मध्ये अमेरिकेने सर्वांचीच साखर जकातमुक्त करून आपल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान देऊ केले, तेव्हा हवाईचा लाभ एका रात्रीत नाहीसा झाला. १८९३ च्या जानेवारीत राणी लिलिउओकलानी हिने राजसत्तेचे अधिकार परत आणणारी घटना जाहीर करण्याचा मनोदय दाखविताच एका गटाने तिला पदच्युत केले. अमेरिकन वकिलाच्या सांगण्यावरून युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरले होते. राणीने निषेध नोंदवून सत्ता सोडली ती बंडखोरांकडे नव्हे, अमेरिकन सरकारकडे, न्याय मिळेल या अपेक्षेने. नव्या राजवटीचा प्रमुख सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांची शाळा कोलोआत होती आणि त्याचे पौगंडवय याच गावात गेले होते.

या क्रांतीला साखरवाल्यांचे कारस्थान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते अर्धेच पटते. अमेरिकेत विलीन झालो तर तेथील कायद्याने करारबद्ध मजुरी बंद पडेल, या भीतीने काही बडे मळेवाले विलीनीकरणाच्या विरुद्ध होते. परंतु ज्या वर्गाने सत्ता हिसकावली तो वर्ग साखरेच्या पैशावरच पोसला होता, याबद्दल शंका नाही. १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह अमेरिकन सिनेटपुढे आला तेव्हा एकवीस हजारांवर हवाईवासीयांनी, स्त्री-पुरुषांनी, त्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. चिठ्ठ्यांची नक्कल करणाऱ्या रयतेची नातवंडे आता आपला कागद घेऊन पुढे आली होती, आणि तो कागद वाया गेला नाही. तहाला आवश्यक ते दोन-तृतीयांश मतांचे पाठबळ मिळाले नाही. मग १८९८ च्या उन्हाळ्यात, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने तेच काम उरकण्यात आले.

१९०० मध्ये अमेरिकन कायदा लागू झाला आणि मजुरांचे जुने करार रद्द झाले. काम सोडणे हा आता गुन्हा राहिला नाही, आणि संप शक्य झाला. पाच बड्या पेढ्यांच्या हाती मळे, जहाजे, विमा व दुकाने एकवटली होती. १९०९ मध्ये ओआहू बेटावरील जपानी मजुरांनी, त्याच कामाला पोर्तुगीजास साडेबावीस डॉलर आणि आम्हांस अठरा का, असा प्रश्न करून काम थांबविले. संप मोडला, कारण इतर जातींचे मजूर त्यांच्या जागी उभे करता आले. पण थोड्याच महिन्यांत मालकांनी मुकाट्याने दर वाढविले. १९२० मध्ये जपानी व फिलिपिनो एकाच वेळी संपावर गेले, तेव्हा इन्फ्लुएंझाची साथ चालू असताना बारा हजारांहून अधिक माणसांना घरांतून बाहेर काढण्यात आले.

काउआईची पाळी १९२४ मध्ये आली. कोलोआच्या पश्चिमेस असलेल्या हानापेपे गावी संपकरी फिलिपिनोंनी आपल्याच देशाच्या, पण दुसऱ्या प्रांतातील, दोन तरुणांना संपात नसल्याबद्दल डांबून ठेवले. त्यांना सोडवून नेण्यास ९ सप्टेंबर रोजी पोलीस व बंदूकधारी शिकारी आले, वाटेत झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. १६ संपकरी व ४ पोलीस मेले. मेलेल्या मजुरांपैकी बहुतेकांचे पुरण्याचे ठिकाणही पुढे विस्मृतीत गेले. कोलोआचे स्मारक पाहून झाल्यावर ज्यास वेळ असेल त्याने हानापेपेसही जावे असे मी सुचवीन. ब्राँझमधील सात माणसांचे सौहार्द फुकट आलेले नाही हे तेथे कळते.

कारण ते सौहार्द शेवटी संघटनेत उतरले ते १९४६ मध्ये. पर्ल बंदरावरील हल्ल्यानंतरचा लष्करी अंमल संपला होता, आणि सर्व जातींच्या मजुरांची एकच युनियन उभी होती. संप मोडावा म्हणून मालकांनी फिलिपिन्सहून सहा हजार नवे लोक आणविले, तर युनियनच्या माणसांनी जहाजावरच त्यांना सभासद करून घेतले. ३४ पैकी ३३ मळ्यांवरील सुमारे २६ हजार मजूर ७९ दिवस कामावर गेले नाहीत. सभांतून प्रत्येक भाषण अनेक भाषांत सांगितले जाई, शिकारीच्या व मासेमारीच्या तुकड्या रोज बाहेर पडत आणि सामायिक स्वयंपाकघरे चालत. घर, औषध, सरपण ही मालकाची मेहेरबानी न राहता तिचा मोबदला रोख मजुरीत धरला जावा, ही मुख्य मागणी मान्य झाली. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांनी जे सुरू झाले होते ते एकशे दहा वर्षांनी संपले.

मजुरी वाढली आणि त्याबरोबर धंदा बाहेर जाऊ लागला, हे परिणामांच्या हिशेबात नमूद केलेच पाहिजे. स्वस्त मजुरीच्या देशांतील साखर, यंत्रे, आणि जमिनीला पर्यटनामुळे आलेली किंमत यांपुढे मळे एकेक करून बंद पडले. कोलोआचा कारखाना १९९६ मध्ये थांबला. हवाईतील अखेरचा ऊस माउई बेटावर २०१६ च्या डिसेंबरात गाळला गेला. कोलोआच्या आसपासच्या पुष्कळशा जमिनीत आता कॉफी आहे, जिची रोपे हूपरने उसाच्या शेजारीच लावली होती. घोड्यावरील मुकादमाची पणतवंडे आणि पाचट काढणाऱ्या बायकांची पणतवंडे तेथे आज एकाच घरात नांदताना आढळतात. राज्याचे राज्यपाल आणि सिनेटर मळ्यावरील मजुरांच्या वंशातून निवडून आले. मूळ हवाईवासीयांच्या वाट्याला मात्र या सुखान्त कथेचा फारच थोडा अंश आला.

कोलोआचा कारखाना बंद पडला त्याच १९९६ साली नोएनोए सिल्वा या हवाईच्या अभ्यासिकेला वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यात १८९७ चा तो अर्ज सापडला, आणि त्याच्या प्रती बेटांवर येताच लोक त्यांत आपल्या पणजोबा-पणज्यांच्या सह्या शोधू लागले. त्याच्या तीन वर्षे आधी, पदच्युतीला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून त्या कृत्याबद्दल मूळ हवाईवासीयांची क्षमा मागितली होती. या ठरावाने अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याचा निकाल लागला असे समजू नये, असे त्याच्या अखेरच्या कलमात लिहिलेले आहे.